कोणत्या सालची दहावी?

आमच्या घरात दोन दहाव्या लागोपाठ झाल्या. माझी २०१९ ची आणि माझी चुलत बहीण तन्वी, तिची २०२० ची. घर साताऱ्यात, कुटुंब एकत्र, आजी दोघींची एकच. त्यामुळे गुणपत्रिकाही एकाच कपाटात. माझे ८३.६०, तिचे ९१.२०. आल्यागेल्या पाहुण्यांना हे दोन्ही आकडे चहाच्या आधी मिळायचे. "धाकटीनं मोठीला मागं टाकलं," असं आजी कौतुकानं सांगायची. तिच्या मनात काही नसायचं, पण ऐकणारा माझ्याकडे बघायचाच.

माझा निकाल ८ जूनला लागला. दुपारी एक वाजता संकेतस्थळ सुरू होणार होतं. पप्पा साडेबारापासूनच मोबाईल घेऊन बसले होते. बैठक क्रमांक आणि आईचं नाव, एवढंच टाकायचं असतं. पण एक वाजला की अख्खा महाराष्ट्र तेच टाकत असतो. पान पांढरं पडायचं, गोल फिरत राहायचं, पप्पा पुन्हा नंबर टाकायचे. दर वेळी आईचं नाव लिहिताना ते मोठ्यानं म्हणायचे, तेव्हा आई कणीक मळता मळता म्हणाली, "शाळेत दहा वर्षं तुमचंच नाव लागलं. आज तरी माझ्या नावावाचून अडलंय ना?"

पान उघडलं तेव्हा सगळ्यांनी आधी खालची ओळ पाहिली. ४१८. सहा विषयांतले सर्वोत्तम पाच धरायचे, म्हणजे पाचशेपैकी. पप्पा राजवाड्याजवळून कंदी पेढे घेऊन आले, अर्धा किलो. नव्वदीचा अंदाज होता तेव्हा दोन किलो ठरले होते, हे कोणी बोललं नाही.

संध्याकाळपर्यंत टीव्हीवर एकच चर्चा होती. राज्याचा निकाल ७७.१० टक्के. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. शंभर टक्के मिळवणारी मुलं आदल्या वर्षी १२५ होती, आमच्या वर्षी २०. कारणं सगळ्यांना ठाऊक होती. अभ्यासक्रम नवा, भाषेला कृतिपत्रिका, आणि मुख्य म्हणजे भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकलेले. आम्ही त्यांना 'तोंडीचे मार्क' म्हणायचो. तोंडी म्हणजे काय, तर सरांनी एक उतारा वाचायला सांगायचा, दोन प्रश्न विचारायचे आणि शेवटी बहुतेकांना सोळाच्या पुढेच द्यायचे. पुण्याची मावशी फोनवर म्हणाली, "आमच्या सीबीएसईत आहेत बाई अजून ते मार्क." तिच्या मुलाला ९४ पडले होते. आईनं "हो का, छान," म्हणून फोन ठेवला आणि पेढ्यांचा पुडा तसाच फ्रीजमध्ये सरकवला.

ओरड एवढी झाली की काही महिन्यांतच ते २० गुण परत आले. तन्वीची बॅच त्याचीच. शिवाय तिचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला, आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. निकाल लागला थेट २९ जुलैला. राज्याचा ९५.३०, शंभर टक्केवाले २४२. काका मास्क लावून गल्लीत पेढे वाटून आले. मी तन्वीला चिडवलं, "न लिहिलेल्या पेपरचे मार्क घेतलेस." ती खरोखर चिडली. "माझा भूगोल सगळ्यात पक्का होता. लिहिला असता तर अजून आले असते." ते खोटं नव्हतं. नकाशे तीच मला भरून द्यायची, आणि मी एक वर्ष पुढे होते.

त्या रात्री दोन्ही गुणपत्रिका पलंगावर शेजारी शेजारी ठेवून आम्ही दोघी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ठरवलं की माझे मार्क तन्वीच्या पद्धतीनं काढून बघायचे. मराठीत मला शंभरपैकी ७९. पेपर तसाच गेला असता असं धरलं तर ऐंशीपैकी ६३. त्यात तोंडीचे १९ मिळवले की ८२. हिंदी ७७ चे ८१, इंग्रजी ७६ चे ८०, सामाजिक शास्त्रं ८२ ची ८५. गणित-विज्ञानात शाळेचे गुण माझ्या वेळीही होतेच, त्यामुळे ते ९१ आणि ८९ जसेच्या तसे. सर्वोत्तम पाचांची बेरीज ४२८. टक्के ८५.६०.

म्हणजे सगळे मिळून दोन टक्के वाढले. तन्वी माझ्या पुढे होती ती होतीच. माझी वर्षभराची तक्रार त्या आकड्यानं निकालात काढली. पण मला खटकलं ते वेगळंच. शाळेचे गुण गेल्यानं माझं एवढंच नुकसान झालं असेल, तर राज्याचा निकाल बारा टक्क्यांनी खाली कसा आला?

मग आठवला सागर. माझ्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. ट्रान्झिस्टरपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडून परत जोडणारा. इंग्रजीत त्याला २४ पडले आणि तो नापास झाला. बाकी सगळे विषय सुटले होते. आम्ही त्याचाही हिशेब मांडला. २४ चे ऐंशीपैकी १९. तोंडीचे फार नाही, १६ धरू. बेरीज ३५. बरोबर पस्तीस.

तन्वी म्हणाली, "म्हणजे माझ्या वर्षी तो पास?"

पास. काठावर, पण पास. कागद हातात घेतला की गणित साधं आहे. ज्याला लेखीत ऐंशी टक्के पडतात त्याला तोंडीचे १९ मिळून दोन-तीन मार्कांचा फायदा. ज्याला पंचवीस टक्केही पडत नाहीत त्याला सोळातच अकरा-बारा मार्कांचा. त्या वर्षी दहावीला बसलेली मुलं सोळा लाखांच्या घरात. त्यांतले बारा टक्के म्हणजे जवळजवळ दोन लाख. टीव्हीवर मात्र चर्चा होती ती नव्वदीच्या पुढच्यांचं अकरावीच्या प्रवेशात काय होणार याची.

सागरनं जुलैची पुरवणी परीक्षा दिली आणि सुटला. पण निकाल येईपर्यंत ऑगस्ट सरला, आणि आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या जागा तोवर भरून गेल्या होत्या. एटीकेटीवर अकरावीत जाता आलं असतं. त्याला जायचं नव्हतं. वर्षभर तो एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसला, पुढच्या वर्षी त्यानं प्रवेश घेतला. त्याला मी आमचा हिशेब सांगितला तेव्हा तो तारेचा वेढा मोजत होता. मोजणं संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या आईला सांगू नको हे. तिला वाटतं मी अभ्यास केला नाही म्हणून गेलो. ते तर खरंच आहे. पण तन्वीच्या वर्गातल्या सगळ्यांनी केला होता काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. शाळेच्या हातातले गुण असावेत की नसावेत, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. सरसकट अठरा-एकोणीस वाटले की त्या गुणांना अर्थ राहत नाही, हे मान्य. पण नियम बदलला की त्याचा मार कुणाला बसतो हे तरी आधी कागदावर मांडून बघायला हवं होतं. दोन शाळकरी मुलींना ते एका रात्रीत जमलं.

आता आमच्याकडे धाकट्या भावंडांचे निकाल लागतात. आजी अजून सगळ्यांचे टक्के तोंडपाठ सांगते आणि कोणी कोणाला मागं टाकलं तेही. मी आता वाद घालत नाही. फक्त विचारते, आजी, कोणत्या सालचे? आणि त्या वर्गात मागच्या बाकावर कोण होतं, त्याचं काय झालं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला येतं. दुसऱ्याचं मिळवायला एखादा फोन करावा लागतो, आणि तो मीच करते.