उघडणं आणि वाचणं

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सॅक पाठीला लावून निघतच होतो, तेवढ्यात मॅनेजरचा फोन. "अरे, एकाचा मेलबॉक्स काढून दे ना, अर्जंट आहे." आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा. क्लायंटचा डेटा बाहेर गेल्याचा संशय. मेल सर्व्हरच्या चाव्या माझ्याकडे, कंपनीच्या पॉलिसीतही बसत होतं. काढला. अटॅचमेंट्स तपासल्या, बाहेरचे पत्ते तपासले. काही नव्हतं.

इथे थांबायला हवं होतं. पण एक मेल दिसला, वकिलाला लिहिलेला. घटस्फोटाचा. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. का? तर वाचता येत होता म्हणून!

शनिवारी डोकं भणभणत होतं. म्हटलं, दुसऱ्याची पत्रं राजरोस उघडतात तरी कुठे? तुरुंगात. मग दिवसभर तेच वाचत बसलो.

तुरुंगातल्या टपालावर नजर ठेवण्यामागची कारणं काही फालतू नाहीत. पाकिटातून ब्लेड येतं, अमली पदार्थ येतात, साक्षीदाराला धमकी जाते. हे मलाही पटतं. पण तपासायचं म्हणजे किती? १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे नेब्रास्कातल्या कैद्यांचा खटला आला होता, वुल्फ विरुद्ध मॅकडोनेल. त्यात तुरुंग खातं म्हणत होतं की वकिलाकडून आलेलं पाकीट आम्ही कैद्यासमोर फोडू, आत काही लपवलंय का बघू, पण पत्र वाचणार नाही. कोर्टाने ते मान्य केलं. कैद्यासमोरच फोडायचं म्हणजे न वाचल्याचा साक्षीदार तो स्वतःच. शुक्रवारी माझ्या शेजारी कोण होतं? कोणी नाही.

पण मला खरा धक्का दिला तो आपल्या मुंबईतल्या एका केसने. कम्युनिस्ट नेते प्रभाकर पांडुरंग संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. म्हणजे शिक्षा झालेले कैदी नव्हेत, नुसतेच डांबून ठेवलेले. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीने मराठीत पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. शुद्ध भौतिकशास्त्र! सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायची परवानगी मागितली. मार्च १९६५ मध्ये सरकारने नकार कळवला. (लिहायला परवानगी, पाठवायला नाही. हे लॉजिक कोणत्या भाषेत कंपाइल होतं कोण जाणे.)

सरकारचं म्हणणं असं, की स्थानबद्धाला नियमांनी जेवढं दिलंय तेवढंच मिळणार, आणि पुस्तक बाहेर पाठवायचा हक्क नियमात कुठे दिलेला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फायरवॉलचा डिफॉल्ट 'डिनाय'. हायकोर्टाने हे मानलं नाही. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि ६ सप्टेंबर १९६५ ला तिथेही हरलं. कोर्ट म्हणालं की हे नियम म्हणजे स्थानबद्धाला दिलेल्या सवलती नव्हेत, त्याच्या स्वातंत्र्यावर कुठवर बंधन घालता येईल याच्या त्या अटी आहेत. पुस्तक पाठवायला नियमात बंदी नाही ना? मग अडवता येणार नाही. डिफॉल्ट 'अलाउ'!

याने सगळी टपाल तपासणी बंद झाली असं नाही. पण अडवायचं असेल तर नियम दाखवायची जबाबदारी अडवणाऱ्यावर आली.

शुक्रवारी मी सरकारी वकिलासारखाच विचार केला होता. मेलबॉक्स कंपनीचा, त्यामुळे त्यातलं सगळंच माझ्यासाठी उघडं. मला काम दिलं होतं डेटा शोधायचं. घटस्फोट वाच असं कोणी सांगितलं नव्हतं.

असो. सोमवारी रिपोर्ट दिला, "आक्षेपार्ह काही नाही." काढलेली कॉपी डिलीट केली. मॅनेजरला म्हटलं, पुढच्या वेळी काय शोधायचं ते लेखी द्या आणि दुसरं कोणीतरी शेजारी बसवा. तो म्हणाला, "बघू."

चार वाजता तो मुलगा नेहमीसारखा डेस्कपाशी आला. "चल रे, चहा." गेलो. घरी सगळं ठीक ना, असं विचारणार होतो, पण मला ते विचारायची सोयच राहिली नव्हती.