बाद झाला तर दगड आण

‘उठाबशा’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला मांडीचे स्नायू आठवत नाहीत. गृहपाठ राहिलेली वही आठवते. उशीर झाला की मैदानाला तीन फेऱ्या, वर्गात बोललं की कोंबडा. पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, सत्ताविशीत कंबर दुखायला लागली आणि पुण्यात एका जिममध्ये पैसे भरून मी ‘स्क्वॉट’ शिकलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, अरे, ह्या तर उठाबशा. शाळेत फुकट मिळायच्या.

विनोद बाजूला ठेवू. ज्या समाजात धावणं, वाकणं, बसून उठणं ही शिक्षेची भाषा आहे, तिथे मुलांना ‘चला, व्यायाम करू’ म्हटल्यावर त्यांनी पळ काढला तर त्यांचं काय चुकलं?

हा प्रश्न माझ्याकडे मागच्या मे महिन्यात आला. आमचं गाव कुडपण, पोलादपूर तालुक्यात, रायगड जिल्हा संपत येतो आणि सातारा-रत्नागिरीच्या हद्दी जवळ येतात त्या डोंगरात. पावसाळ्यात धबधब्यांचे रील बनवायला लोक येतात, तेवढीच काय ती प्रसिद्धी. बाकी शेलारमामा आमच्याच गावचे असं आम्ही अभिमानाने सांगतो. १६७०मध्ये सिंहगडाच्या लढाईत ते ऐंशीच्या घरात होते असं परंपरा सांगते. आमच्या वाटा चढून बघितल्या की त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

गावात कायम राहणारी मुलं थोडी. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून चाकरमान्यांची पोरं येतात आणि अंगणं भरतात. भरतात म्हणजे काय, तर पडवीत जिथे रेंज येते त्या कोपऱ्यात चार डोकी एका मोबाईलवर. काकी म्हणाली, “तू कंप्युटरवाला हायस ना? मग ह्यांचा तो मोबाईल सोडवायचा काय तरी कर.” तिच्या तर्कात दम होता. लोकांना स्क्रीनकडे पुन्हा पुन्हा कसं आणायचं याचाच मला पगार मिळतो.

जगाचा हिशोब आधी सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी. २०१९मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ ते १७ वयातली जगातली ८१ टक्के मुलं यात कमी पडत होती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. एवढं वाचून पालक घाबरतात आणि क्लास लावतात.

माझा भाचा, वय ९, असा क्लास करतो. त्याच्या सोसायटीत संध्याकाळी भरतो. रंगीत कोन, छोटे अडथळे, जमिनीवर पसरायची शिडी, गळ्यात शिट्टी अडकवलेले सर. मी एकदा कठड्यावर बसून बघितलं. बारा मुलं एका रांगेत. एकेकाने शिडीतून पाय टाकत जायचं, कोनाला वळसा घालून परत. एका मुलाला साधारण १० सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येकाचा नंबर दोन मिनिटांनी येतो आणि तासाभरात एक मूल जेमतेम ५ मिनिटं हलतं. उरलेली ५५ मिनिटं ते रांगेत उभं राहून पुढच्याची टोपी काढतं. सर वाईट नव्हते, प्रेमळ होते. पण रांग ही रांग असते. सर्व्हर कितीही चांगला असला तरी एका वेळी एकच रिक्वेस्ट घेत असेल तर बाकीचे ताटकळणारच.

आणि ती शिडी म्हणजे आपली ठिकरीच. फक्त ठिकरीत खापरीचा तुकडा नेम धरून टाकायचा असतो, एका पायावर तोल सांभाळत तो उचलायचा असतो आणि रेषेवर पाय पडला की मैत्रीण ओरडते. शिडीत कुणी ओरडत नाही.

१९९५चा एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेत ६ ते १० वयाच्या १५ मुलांना काहीही न सांगता, ती आपापली वावरत असताना, दर तीन सेकंदांनी नोंद करत बघितलं गेलं. मुलांच्या जोरदार हालचालीची एक खेप साधारण ३ सेकंदांची निघाली. अशा ९५ टक्के खेपा १५ सेकंदांच्या आत संपत होत्या. भुर्रकन पळायचं, थांबायचं, मातीत काहीतरी बघायचं, पुन्हा पळायचं. त्यांचं शरीर असं चालतं. त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणं म्हणजे मोठ्यांचा व्यायाम लहान मापात शिवून घालणं.

आता आपले जुने खेळ या नजरेने बघा. शिवाशिवी, डोंगर-पाणी, लगोरी, विषामृत. सगळे ३ सेकंद पळा, ५ सेकंद दबा धरा, पुन्हा पळा या तालावरचे. हे कुणी प्रयोगशाळेत ठरवलं नव्हतं. जे खेळ कंटाळवाणे होते ते मुलांनी सोडले, जे राहिले ते मुलांच्या फुप्फुसांच्या मापाचे होते.

पण सगळेच जुने खेळ चांगले असं मी म्हणणार नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा तळ्यात-मळ्यात खेळणाऱ्या मुलांकडे घड्याळ लावून बघावं. मी बघितलं. आमच्या सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या मोकळ्या जागेवर, नऊ मुलं खेळत होती. सर्वात धाकटा ६ वर्षांचा, सर्वात थोरली पुतणी १३ वर्षांची. चुकला तो बाद. धाकटा पहिल्या अर्ध्या मिनिटात बाद झाला आणि पायरीवर जाऊन बसला. मग भाचा. पुतणी शेवटपर्यंत उड्या मारत राहिली. म्हणजे जिला उड्या उत्तम येतात तिला सर्वात जास्त सराव, आणि ज्याला येत नाहीत तो बसून बघणार. दहा डाव झाले तरी हेच. सहा डावांनंतर धाकट्याने मोबाईल मागितला. कुणीही मागितला असता.

माझ्यापुरतं सगळं इथेच उलगडलं. मुलांसाठी व्यायाम आखताना एवढंच बघायचं: या नियमाने सर्वात कमजोर मूल किती वेळ हलतं? मजा हवी, शिस्त हवी, ताकद-तोल-चपळाई सगळं हवं, पण ते नंतर.

विषामृतात हे आपोआप होतं. राज्याने शिवलं की तुम्ही ‘विष’, जागच्या जागी थिजायचं. मित्राने येऊन ‘अमृत’ म्हणत शिवलं की पुन्हा जिवंत. बाद कुणीच नाही. साखळीत तर पकडलेला राज्याचा हात धरून पकडणाऱ्यांतलाच एक होतो, त्याचं काम उलट वाढतं. आणि खो-खोबद्दल मी तासभर बोलू शकतो. १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले असं मानतात. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. पळणारा मात्र कुठूनही निसटू शकतो. वरवर हा पाठलाग करणाऱ्यावर अन्याय. पण म्हणूनच त्याला ‘खो’ आहे. दमलास, मागे पडलास, तर बसलेल्याच्या पाठीवर हात ठेव, तो उठेल. हळू पळणाऱ्या मुलाला मान खाली न घालता सुटका देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. त्यात उकिडवं बसून एका क्षणात झेप घेणं, म्हणजे पुन्हा उठाबशाच. या खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे.

पण खो-खोला संघात १२ लागतात, त्यातले ९ मैदानात. आमच्याकडे सगळी मिळून नऊ, त्यातही धाकट्याचं नाक वाहतंय. जागा वीस पावलं लांब, एका टोकाला उतार, उताराखाली फणस. मग मी तळ्यात-मळ्यातचा एकच नियम बदलला. बाद झाला तर बसायचं नाही. उतार उतरून फणसापाशी जायचं, एक दगड उचलायचा, वर यायचं, आपल्या गटाच्या ढिगावर ठेवायचा आणि पुन्हा खेळात शिरायचं. शेवटी ज्या गटाचा ढीग मोठा तो जिंकला.

नुसतं ‘बाद झाला तर फणसाला शिवून ये’ म्हटलं असतं तर ती शाळेतली फेरीच झाली असती, चुकल्याचा दंड. दगडाने तिचं कमाईत रूपांतर झालं. उतारावरून येताना आपोआप गुडघे वाकतात, तोल सांभाळावा लागतो, चढताना ओझं असतं. हाडांसाठी, मांड्यांसाठी, दमासाठी जे हवं ते सगळं त्या वीस-पंचवीस पावलांत आहे. मुलांना यातलं एक अक्षर सांगितलं नाही. धाकट्याला वाटत होतं तो खजिना आणतोय.

पाचव्या मिनिटाला पुतणीने नियमाला भोक पाडलं. बाद होण्यातच फायदा आहे हे तिच्या ध्यानात आलं. ती मुद्दाम चुकायला लागली, खाली धावायची, दगड घेऊन वर. दोन मिनिटांत नऊच्या नऊ पोरं मुद्दाम बाद. सहाणेवर उड्या मारायला कुणीच नाही, सगळा गाव उतारावर. आमच्या ऑफिसात टेस्टरला असं भोक सापडायला आठवडा लागतो. मी ते बुजवायला गेलो नाही. मला मुलं हलायला हवी होती आणि ती चढ चढत होती, ओझ्यासकट, हसत. भाच्यानेच भांडण काढलं, “ही चीटिंग आहे, मामा!” मग त्यांचं त्यांनी ठरवलं: शेवटची पाच पावलं लंगडी घालत यायचं, दगड पडला तर परत खाली. ती लंगडी बघून मला खेलो इंडियाची शालेय तंदुरुस्ती चाचणी आठवली. पहिली ते तिसरीच्या मुलांचा तोल तपासायला त्यात ‘फ्लेमिंगो बॅलन्स’ आहे, म्हणजे एका पायावर उभं राहणं. फ्लेमिंगो आमच्या डोंगरात कुणी पाहिलेला नाही, लंगडी सगळ्यांना येते.

तिसऱ्या दिवशी भाच्याने सुचवलं की ॲप बनवू. दगड मोजेल, बॅज देईल. माझे हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू. पण १९७३चा एक प्रयोग मला माहीत होता. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असं आधीच सांगितलं होतं, ती मुलं पुढे आपणहून चित्रं काढायला कमी बसली. आवडीच्या गोष्टीला मजुरी लावली की ते काम होतं. दगडांचा ढीग संध्याकाळी मोडायचा, उद्या शून्यापासून. कुणाचा हिशोब कुठेही साठत नाही.

आजी ओट्यावरून हे सगळं बघत असायची. तिला विचारलं, तुम्ही लहानपणी काय खेळायचा? ती म्हणाली, “आमी खेळलो कुठं रं? पाण्याला जायचं, मोळी आणायची, नाचणीच्या शेतात वाकायचं. गौरीत फुगडी घालायची, तेवढाच खेळ.” जुन्या माणसांच्या काटकपणाचं कौतुक करताना हे विसरू नये. ते व्यायाम नव्हते, कष्ट होते, आणि मुलींच्या वाट्याला जास्त होते. फुगडी हा एकच असा वेळ, जेव्हा तिचं शरीर तिच्या स्वतःच्या मजेसाठी हललं. बसफुगडी कधी घालून बघा, उकिडवं बसून पाय आळीपाळीने पुढे फेकत. दहा सेकंदांत मांड्या पेटतात. गणपतीत गावची मुलं पायात चाळ बांधून जाखडी नाचतात तेही तसंच, तासन् तास.

मला खरी काळजी पुतणीची आहे. आठव्या दिवशी ती सहाणेवर आली नाही. काकी म्हणाली, “मोठी झाली आता, पोरांत काय उड्या मारायच्या?” ते ८५ आणि ७८ टक्के असे तयार होतात, एकेका घरातून, कुणाचाही वाईट हेतू नसताना. मी काकीशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुतणीला म्हटलं, तू खेळायला नको येऊस, लहानांना शिकवायला ये, मला कामं आहेत. शिकवायला जायला घरातून कुणाची हरकत नव्हती. पंधरा मिनिटांत ती उतारावर सर्वात पुढे होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईची पोरं गेली. मीही पुण्याला परतलो. पुतणीचे व्हॉइस मेसेज येतात. पाऊस धरलाय, उतार निसरडा, फणसापाशी जायला मी मनाई करून आलोय. २०२१च्या जुलैत आमच्याच तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडींनी माणसं नेली. पावसात आमच्याकडे उताराशी कुणी खेळत नाही. आता गावात मुलं पाच उरलीत, आणि जागा म्हणजे आमची पडवी. तिने विचारलं, “काका, पाचांत काय खेळायचं?” मी विचारलं, पडवीला खांब किती? चार. मग खांबखांबोळी. प्रत्येक खांबाला एक जण, मधे राज्य घेणारा, खांब बदलताना पळायचं आणि त्याने मोकळा खांब पकडायचा.

काल तिचा मेसेज आला. धाकट्यावर सारखं राज्य येत होतं म्हणून त्यांनी त्याला पाचवा खांब दिलाय. आजीची खुर्ची. आजी तीत बसलेली असतानाच.