क्रिएटिनिन १.२, पण कोणाचं?

किडनीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकजण आधी उजवीकडचा रकाना बघतात. आकडा तिथे छापलेल्या हद्दीत बसला की कागदाची घडी होते आणि तो फाइलमध्ये जातो. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून मला जास्त काळजी वाटते ती अशा ‘नॉर्मल’ म्हणून मिटवलेल्या कागदांची.

समजा, २५ वर्षांचा धट्टाकट्टा मुलगा आहे आणि ६५ वर्षांच्या, अंगाने किरकोळ बाई आहेत. दोघांचं क्रिएटिनिन १.२. अनेक लॅबच्या लेखी दोघंही हद्दीत. पण वय आणि स्त्री-पुरुष फरक धरणाऱ्या २०२१ सालच्या सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा अंदाजे वेग काढला, तर मुलाचा ८६च्या आसपास येतो आणि बाईंचा ५०. ईजीएफआर तीन महिने ६०च्या खाली राहिला तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. बाईंना ना सूज, ना त्रास, आणि रिपोर्टवर लाल खूणही नाही.

याचं कारण असं, की क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. स्नायू कमी तर क्रिएटिनिनही कमी, मग किडनी कशीही असो. शिवाय किडनीजवळ राखीव ताकद भरपूर असते. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. काही नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या, बंद पडले तर उरलेले त्यांचं काम अंगावर घेतात. त्यामुळे अनेकांत निम्मं काम गेलं तरी आकडा हद्द ओलांडत नाही. उलटंही घडतं. व्यायामशाळेत जाणारा, क्रिएटिनची पावडर घेणारा तरुण १.४ बघून हादरतो आणि त्याची किडनी ठणठणीत असते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही तपासणी उलगडा करते.

युरियाबद्दल थोडक्यात सांगतो. उलट्या, जुलाब, ताप किंवा पाणी कमी पडणं, एवढ्यानेही तो वाढतो. काही लॅब ‘ब्लड युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’. बीयूएन २० म्हणजे युरिया साधारण ४३. लॅब बदलली आणि ‘युरिया दुप्पट झाला’ म्हणून रात्र जागून काढलेले लोक माझ्याकडे येतात.

खरी महत्त्वाची तपासणी मात्र रक्ताची नाहीच, लघवीची आहे, आणि अनेक हेल्थ पॅकेजमध्ये ती नसते. किडनीची चाळण विरली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागतं. मधुमेहात बऱ्याचदा क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी वर्षं आधी ते दिसतं. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण मोजायचं. एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांमुळे आकडा फसवा येतो, म्हणून जास्त आला तर परत तपासायचा. टाइप २ मधुमेहात निदान झालं त्याच वर्षापासून दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी, आणि रक्तदाब असलेल्यांनीही ती करून घ्यावी. ‘लघवीला जळजळ नाही, मग कशाला?’ असं रुग्ण विचारतात. जळजळ नसतानाच ती करायची असते.

हे आग्रहाने सांगतो, कारण आता हातात औषधं आहेत. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या बीपी उतरवतात आणि अल्ब्युमिनची गळतीही कमी करतात. डॅपाग्लिफ्लोझिन हे शुगरचं औषध मधुमेह नसलेल्यांच्याही किडनीचा ऱ्हास मंदावतं, हे २०२० मध्ये मोठ्या चाचणीतून दिसलं. पण या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं. गाळणीवरचा दाब उतरल्याचा तो परिणाम असतो आणि ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा चालवून घेतो. नेमक्या त्याच आठवड्यात कोणीतरी म्हणतं, ‘गोळीने किडनी खराब केली’, आणि गोळी बंद होते. असं करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. मात्र जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर यातल्या काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात. तेव्हाही फोन करा.

गोळी कुठली बंद करायचीच असेल तर मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक हे वेदनाशामक करा. गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी ते आकसवतं. बीपीची गोळी गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते, लघवीची गोळी अंगातलं पाणी घटवते. तिन्ही एकत्र आली आणि वर कडक ऊन असलं, की काही दिवसांत किडनी बसते. कमी सोडियमच्या मिठाचंही तसंच. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी अधू असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं.

ऊन म्हटलं की ऊसतोड आठवते. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणारे तरुण मधुमेह नसताना किडनी गमावू लागले. कडक उन्हातलं जड काम आणि पाण्याची कमतरता ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. तिथे पाणी, सावली आणि विश्रांतीच्या वेळा ठरवून देण्याचे उपक्रम सुरू झाले. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बीडमधून टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडातच असतात. निघण्याआधी एकदा आणि परतल्यावर एकदा, प्रत्येक कोयत्यातल्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीतल्या, बाईचं आणि पुरुषाचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं पाहिजे. खर्च कारखान्यांनी आणि सरकारने करावा. रिपोर्ट मात्र मुकादमाकडे नाही, त्या कामगाराच्याच हातात द्यावा.