एकास दहाची इम्पाला

रिमोटच्या गाड्यांच्या छंदात बहुतेकांना वेग हवा असतो. मी ज्या गाड्या बनवते त्या माणसाच्या चालीने चालतात आणि थांबल्या की त्यांचं खरं काम सुरू होतं. नाक उचलायचं, मागून बसायचं, एका कुशीवर कलायचं, एक चाक अधांतरी ठेवून वळायचं. या लोरायडर. गाड्यांच्या सस्पेन्शनचं डिझाइन हा माझा व्यवसाय, आणि राहते मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला, त्यामुळे मूळ गाड्या रस्त्यावर रोज भेटतात. माझं ठाम मत आहे की छोटी लोरायडर उडवणं त्यामानाने सोपं; ती जड गाडीसारखी सावकाश उठवणं, यात बनवणाऱ्याचा कस लागतो.

या संथपणाला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसमधल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांनी जुन्या शेव्हरोले घेतल्या, स्प्रिंगा कापून किंवा डिकीत वाळूची पोती टाकून त्या जमिनीलगत आणल्या आणि व्हिटिअर बुलेव्हार्डवरून रमतगमत फिरवल्या. गाडी लोकांनी नीट पाहावी, आतल्या माणसालाही पाहावं, यासाठी ती हळू चालवायची. १९५८ पासून राज्याच्या वाहन कायद्यातलं कलम २४००८ लागू झालं: बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला विमानातले जुने हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी कायद्याच्या उंचीला, पुन्हा दाबलं की जमिनीलगत. आज आपण जी नाचणारी गाडी पाहतो ती या एका दंडाच्या भीतीतून जन्मली, आणि मला ही यंत्रशास्त्रातली फार सुंदर गोष्ट वाटते. ते कलम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झालं. सॅन होजेने रस्त्यावर गाड्या अशा रमतगमत फिरवण्यावरची आपली बंदी त्याआधीच, २०२२ मध्ये उठवली होती. ‘लोरायडर’ मासिक १९७७ मध्ये निघालं तेही याच गावातून.

मॉडेलसाठी मी १९६४ ची शेव्हरोले इम्पाला घेते. हेसूस ‘जेसी’ वालादेझ यांची गुलाबांनी रंगवलेली ‘जिप्सी रोझ’ याच वर्षाची इम्पाला, आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ती २०१७ मध्ये दाखल झाली. मूळ गाडी सुमारे ५.३३ मीटर लांब, म्हणजे एकास दहात ५३ सेंटिमीटर. तेरा इंची तारांच्या चाकाचा रिम होतो ३३ मिलिमीटरचा. इथवर फक्त भागाकार आहे.

वजनापाशी हिशेब बदलतो. लांबी दहापट घटली की वजन हजारपट घटतं, पण गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं. खऱ्या गाडीचं नाक एक मीटर उचलून सोडलं तर ते खाली यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. मॉडेलमध्ये तेच दहा सेंटिमीटर ०.१४ सेकंदात संपतात. डोळा हे लगेच पकडतो आणि खेळणं म्हणतो. पडण्याचा वेळ आपल्या हातात नाही, उठण्याचा आणि बसण्याचा मात्र आहे. म्हणून गाडी उचलणाऱ्या सर्व्हो मोटरचा वेग मी ट्रान्समीटरमधूनच कमी करते, इतका की नाक पूर्ण वर यायला दीड-दोन सेकंद लागावेत. जाड तेल भरलेले शॉक अॅब्सॉर्बर उरलेली थरथर खातात. गाडी अचानक टनभर जड दिसू लागते.

लहान गाडीत खरी हायड्रॉलिक्स का बसवत नाही, असं पुष्कळजण विचारतात. सिलिंडर जितका बारीक, तितका पिस्टनच्या जोरातला मोठा वाटा सीलच्या घर्षणातच जातो. शिवाय पंप, टाकी, नळ्या यांचं वजन. सर्व्होच बरी. हिशेब असा: गाडी २.२ किलोची, पुढच्या चाकांवर १.१ किलो. स्प्रिंग सस्पेन्शनच्या खालच्या आर्मच्या मधोमध टेकते, त्यामुळे तिथे दुप्पट, २.२ किलो जोर लागतो. सर्व्होचा हात दीड सेंटिमीटरचा धरला तर पुढच्या दोन्ही सर्व्होंचा मिळून ३.३ किलो-सेंटिमीटर टॉर्क झाला. पण हा फक्त सावकाश उचलण्यापुरता. नाक हवेत फेकायचं तर याच्या कितीतरी पट हवा, म्हणून मी २५ ची सर्व्हो लावते. तिचा हात आर्मला थेट जोडायचा नाही. तो स्प्रिंगच्या वरच्या टोकाला दाबतो आणि स्प्रिंग आर्मला. खऱ्या गाडीतही सिलिंडर पुढच्या कॉइल स्प्रिंगच्या डोक्यावरच बसतो. मध्ये स्प्रिंग नसेल तर आदळण्याचा सगळा धक्का सर्व्होच्या गिअरच्या दातांवर येतो.

मागची बाजू उचलताना वेगळीच अडचण. अॅक्सल आपल्या दांड्यांभोवती कमानीत खाली जातो, त्यामुळे गिअरबॉक्सपासूनचं अंतर बदलतं. प्रोपेलर शाफ्ट एकसंध असेल तर तो निखळतो किंवा अडतो. एकात एक सरकणारे दोन तुकडे घ्यावे लागतात, रॉक क्रॉलर गाड्यांचे तयार मिळतात. तीन चाकांवर उभं राहायचं तर एक मागचा कोपरा पूर्ण सोडायचा, दुसरा पूर्ण उचलायचा. सोडलेल्या कोपऱ्याच्या कर्णावरचं पुढचं चाक उठतं, पण वजन मागे असेल तरच. मूळ गाड्यांच्या डिकीत बॅटऱ्यांची रांग असते. मीही लिपो बॅटरी डिकीतच ठेवते.

चार कोपऱ्यांच्या चार सर्व्हो एकदम जोर लावू लागल्या की व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी वाटेल तशी वागते. यावर तडजोड करू नये. सर्व्होंना स्वतंत्र, दणकट व्होल्टेज रेग्युलेटर द्यावा आणि रिसीव्हरचा पुरवठा वेगळा ठेवावा.

रंगाबद्दल एकच. लोरायडरच्या रंगात चमकीचे कण असतात, आणि तीच चमकी मॉडेलवर मारली तर प्रत्येक कण दहापट मोठा दिसतो. चंदेरी थरावर अगदी बारीक अभ्रकाची मोतिया पूड आणि वर पारदर्शक लाल, हे जमतं.

अलीकडे अॅरिझोनातल्या रेडकॅट कंपनीने एकास दहाची उडणारी इम्पाला तयार बाजारात आणली आहे आणि त्यामुळे नवे हात या छंदात आले याचा मला आनंद आहे. तरी कंट्रोल मात्र स्वतः बनवावा. पिस्तुलासारख्या ट्रान्समीटरचा घोडा बोटाला चुकीची सवय लावतो. स्पर्धेत खऱ्या गाडीचा माणूस गाडीशेजारी उभा राहून लांब वायरच्या पेटीवरचं टॉगल स्विच मारतो. टायर टेकले, स्प्रिंग दबली आणि उलटायला लागली की त्या क्षणी पंपाचा जोर मिळायला हवा. तेव्हा दर उडीला नाक थोडं अधिक वर जातं. सहा चॅनेलच्या ट्रान्समीटरमध्ये मी तसेच स्विच बसवले आहेत. फरक एवढाच की वेगवान सर्व्होलाही ६० अंश फिरायला सुमारे ०.१ सेकंद लागतो आणि आपली गाडी ०.१४ सेकंदात खाली येते. म्हणून उड्या मारताना सर्व्होचा वेग पूर्ण सोडायचा, आणि नाक शिखरावरून जेमतेम उतरू लागलं असतानाच स्विच दाबायचा. टायर टेकेपर्यंत थांबलात तर ती उडी गेली.