लो टू हाय

आई-बाबांचा मेडिक्लेम मी 2022च्या जानेवारीत काढला. ऑफिसच्या कॅबमध्ये बसून, हिंजवडी ते वारजे एवढ्या वेळात. ॲपवर दोघांची वयं टाकली, तीन लाखांचं कव्हर निवडलं आणि 'प्राइस : लो टू हाय' दाबलं. चपला घेतानाही मी तेच करते.

कराडला आमच्या गल्लीत एक एजंटकाका आहेत. पॉलिसी त्यांच्याकडूनच घ्यावी, असं आईचं म्हणणं. पण ते सांगत होते त्या कंपनीचा प्रीमियम वर्षाला 6,200 रुपयांनी जास्त होता. "काकांचं कमिशन आपण का भरायचं?" मी म्हणाले. बाबांना ते पटलं. एसटीत कंडक्टर होते ते, सुट्ट्या पैशांचा हिशेब त्यांना माझ्या आधी होतो. पॉलिसीची पीडीएफ आली, त्याच संध्याकाळी मी ॲपला पाच स्टार देऊन टाकले. पीडीएफ उघडली नाही.

2024च्या ऑगस्टमध्ये बाबांच्या पित्ताशयात खडे निघाले. अशा खड्यांसाठी पॉलिसीत दोन वर्षं थांबायची अट असते, ती आमची सात महिन्यांपूर्वीच संपली होती. हा माझा अभ्यास नव्हता, नशीब होतं. हॉस्पिटलमध्ये स्वतंत्र खोली मीच मागितली. रोजचे सहा हजार. तीन लाखांचं कव्हर आहे म्हटल्यावर बाबांनी जनरल वॉर्डात का झोपायचं?

डिस्चार्जची फाइल सकाळी अकराला गेली. कॅशलेसमध्ये शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची, असं आयआरडीएआयनं त्याच वर्षी मे महिन्यात सगळ्या कंपन्यांना सांगितलं होतं. आमची आली संध्याकाळी सातला. मधल्या वेळात हेल्पलाइनवर मी एवढं संगीत ऐकलं की ती धून आजही कुठल्याशा लिफ्टमध्ये लागली तर पोटात गोळा येतो. बाबा सदरा-पँट घालून पलंगाच्या कडेला बसून होते, स्टँडवर उशिराच्या गाडीची वाट बघावी तसे.

बिल 1,48,000. मंजूर 86,000.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती, कव्हरच्या एक टक्का, म्हणजे रोजचे तीन हजार. मला वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू, चार दिवसांचे बारा. तसं नसतं. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली, म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्यांनी निम्मं धरलं. 72,000चे 36,000. औषधं आणि तपासण्यांचे 38,000 तेवढे पूर्ण मिळाले. हातमोजे, मास्क वगैरेंचे 14,000 कशातच बसत नव्हते. यात कंपनीनं फसवलं, असं मला म्हणता येत नाही. उशीर त्यांचा होता. पैशांचं मात्र सगळं त्या पीडीएफमध्ये लिहिलेलं होतं.

एजंटकाका थर्मासमधून चहा घेऊन आले होते. "खोली कितीची घेतलीस?" एवढंच विचारलं. मी आकडा सांगितल्यावर गप्प बसले.

वरच्या 62,000साठी बाबांनी एफडी मोडली. मला ते आईकडून महिन्याभरानं कळलं.

मग मी जरा उशिराच, पण नीट शोधायला लागले. ॲपवर प्रत्येक कंपनीखाली क्लेम सेटलमेंट रेशो असतो, सगळ्यांचाच नव्वदीच्या पुढे वाटावा असा. आमच्या कंपनीचाही चांगलाच होता. आणि त्या आकड्यात आमचा क्लेमही 'सेटल' म्हणूनच मोजला गेला असणार, कारण पैसे दिले होते ना, किती दिले ते कोण विचारतं? स्टारांचं तर सोडाच. माझे पाच अजून तिथेच आहेत.

शेवटी कामाला आली ती हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवरची ताई. तिला फोन करून सरळ विचारलं, कुठल्या कंपनीचे पेशंट दुपारी घरी जातात? तिनं आधी आवाज खाली आणला, मग दोन नावं सांगितली. एक नाव 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलं. त्या कंपनीचे पेशंट रात्रीचं जेवणही तिथेच करतात. रविवारी रात्री साडेदहाला मी त्या दोन्ही चांगल्या कंपन्यांच्या हेल्पलाइनला फोन लावून पाहिला. एकीनं बावीस मिनिटं झुलवलं. दुसरीकडे चार मिनिटांत माणूस आला आणि मराठीत बोलला.

(काकांना देव करायला नको. त्यांनी तेव्हा सुचवलेल्या पॉलिसीचे कागद मागवून वाचले. एकसष्टीनंतर प्रत्येक क्लेमचे वीस टक्के आपणच भरायचे, अशी त्यात अट होती. आईला हे ते बोलले नव्हते.)

पॉलिसी पोर्ट करायची तर नूतनीकरणाच्या निदान 45 दिवस आधी अर्ज करावा लागतो. जुन्या तीन लाखांपुरती भरलेली वर्षं नव्या कंपनीत धरली जातात, पण ती आपल्याला घेईलच असं नाही. ती पुन्हा सगळं विचारते. आणि ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत बाबांना शुगर निघाली होती.

"लिहू नकोस," बाबा म्हणाले. "जुन्या कंपनीत राहिलो तर कुणी विचारणार आहे का?"

नव्हतंच कुणी विचारणार. जुनी कंपनी गपगुमान पुढचं वर्ष देणार होती, स्वस्तात. मी डिस्चार्ज कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यावर शुगर लिहिलेली होती. "पुढच्या क्लेमला ते आधी हे वाचतील, बाबा." ते बराच वेळ कार्ड हातात धरून बसले. शुगर असल्याचं त्यांनी आईलाही धड सांगितलं नव्हतं.

फॉर्ममध्ये 'हो' लिहिलं. पाच लाखांचं कव्हर, खोलीला मर्यादा नाही, को-पे नाही. शुगरमुळे प्रीमियम वाढून आला, 38,500. जुना होता 21,400. फॉर्म काकांच्या हातूनच भरला, यावेळी त्यांच्यासमोर बसून, प्रत्येक अट मोठ्यानं वाचून. ते थोडे वैतागले. फरकाचे 17,100 मी देते. बाबांनी तोही आकडा डायरीत टिपून ठेवलाय, माझ्या नावापुढे.

परवा आई सांगत होती, रात्री अकराला बाबांनी स्वतः त्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. "काही नाही, बघत होतो," म्हणाले आणि ठेवून दिला.