नऊ पॅड आणि अण्णांची ढोलकी



गेले काही रविवार पेटीशेजारी स्टँडवर ठेवलेला काळा चौकोनी डबा आपण पाहता आहात. तो काय आहे, कितीचा आहे आणि "अण्णांना का बाजूला केलंत?" असे तीन प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले गेले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्यासाठी हे लिहीत आहोत.

बेळगावचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. जूनमध्ये सुरू झाला की भिंतींना ओल येते, गीतपुस्तकांची पानं फुगतात आणि ढोलकी उतरते. कातडं दमट झालं की स्वर खाली बसतो. कितीही आवळली तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत पुन्हा सैल. अण्णा दर पावसाळ्यात उपासनेच्या तासभर आधी येऊन मागच्या खोलीतल्या पिवळ्या बल्बजवळ ढोलकी धरून बसायचे. यंदा ढोलकीबरोबर त्यांची बोटंही उतरली. सांधे सुजले. तीन रविवार आपण नुसत्या पेटीवर गायलो, आणि खरं सांगायचं तर ओढत ओढत गायलो.

तरुण संघाने ऑक्टोपॅड मागितला. हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या लिलावातून पैसे उभे राहिले (एका भोपळ्यावर दोन कुटुंबांनी लावलेली चढाओढ आपण विसरला नसाल). एका ज्येष्ठ सभासदांनी कमिटीत हरकत घेतली की उपासनेत ऑर्केस्ट्रा नको. पाळकसाहेबांनी त्यांना १ इतिहासाचा सोळावा अध्याय काढायला सांगितला. कराराच्या कोशापुढे दाविदाने वीणा-सारंगीवाले नेमले, आणि झांजा दिल्या आसाफाच्या हाती. ज्याच्या नावावर बारा स्तोत्रं आहेत तो माणूस तालवाद्य वाजवणारा होता, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी नव्याने कळलं. हरकत मागे घेतली गेली आणि खरेदी गायकवृंदातल्या आम्हा चौघांवर सोपवली गेली.

अण्णांना विचारायचं राहिलं. "राहिलं" हा आमचा सोयीचा शब्द. आम्ही ते टाळलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून आज नको, उद्या बघू असं करत राहिलो. शेवटी त्यांना ती बातमी भाजी घेताना बाजारात दुसऱ्याच कुणाकडून कळली. पुढच्या रविवारी ते आले, पण गायकवृंदात नाही, शेवटच्या बाकावर बसले. गीतपुस्तक उघडलं नाही.

आम्ही मात्र दुकानात होतो. ऑक्टोपॅड हे नाव रोलँड कंपनीचं, १९८५ सालचं. त्या पहिल्या यंत्रावर आठ पॅड होते आणि त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. ते दुसऱ्या वाद्याला नुसता इशारा पाठवायचं. नाव एवढं रुळलं की आज आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात कुठलाही पॅड ऑक्टोपॅडच. पण घ्यायला गेल्यावर दोन जाती दिसतात. एका जातीत आवाज कंपनीने आधीच भरलेले असतात. आपण त्यातले निवडायचे, थोडे बदलायचे, बस. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दिसणारा एसपीडी-२० तसा. दुसऱ्या जातीत आपण ध्वनिमुद्रित केलेला आवाज आत घालता येतो; मग पॅडवर काठी पडली की तोच आवाज उमटतो. रोलँडचा एसपीडी-एसएक्स हा नऊ पॅडचा, अलेसिसचा सॅम्पलपॅड प्रो आठ पॅडचा, हे या दुसऱ्या जातीतले.

दुकानदार पहिल्या जातीकडे ओढत होता. शेकडो आवाज आहेत, तबला आहे, काँगो आहे, एक बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू. त्याने सुरू करून दाखवलाही. फार छान वाजला. आमच्यातल्या एकीला काय वाटलं कोण जाणे, तिने पिशवीतून 'उपासना संगीत' काढलं आणि नारायण वामन टिळकांचं एक गीत तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, म्हणायला सुरुवात केली. गीत दादऱ्यातलं, सहा मात्रांचं. दुकानदाराने दादरा शोधून लावला. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिने आपल्या सवयीप्रमाणे श्वास घेतला, आणि ठेका पुढे निघून गेला. ती मागून धावली. पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा तेच.

आपल्या मंडळीचं गाणं कसं आहे? कडव्याच्या शेवटी आपण सगळे थांबतो. पुढच्या बाकावरच्या आजीबाई शेवटचा स्वर सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. अण्णा त्यांच्याकडे बघत बघत वाजवतात. दीड मात्रा, कधी दोन मात्रा ढोलकीवर नुसता हात ठेवून थांबतात आणि मग समेवर उचलून घेतात. इतकी वर्षं हे आम्ही रोज ऐकलं आणि एकदाही आमच्या लक्षात आलं नव्हतं. दुकानात, यंत्र थांबेना तेव्हा आलं.

त्या दिवशी काहीही न घेता परतलो आणि संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातला सगळ्यात धाकटा, ज्याला पॅड वाजवायचा होता तोच, म्हणाला, "अण्णा, चुकलं आमचं. आधी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं."

अण्णा म्हणाले, "चुकलंच की." एवढंच. चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या डब्यात माझी ढोलकी वाजंल काय?"

या एका प्रश्नाने खरेदी ठरली. दुसऱ्या जातीचा, नऊ पॅडचा, ओळखीतून एकदा वापरलेला घेतला. बॉक्स नव्हता, पण प्रत्येक पॅड कडेला आणि मधोमध ठोकून तपासला. हळू ठोका हळूच वाजतो का, एक पॅड मारला की शेजारचा चुकून बोलतो का, हेही पाहिलं. इतर मंडळ्यांतून कुणी घेणार असाल तर दुकानात हेडफोन न लावता एवढं जरूर बघा. रबरावर काठीची टपटप किती येते तेही ऐका. लहान चर्चमध्ये आवाज कमी ठेवला की ती टपटप गाण्याच्या वर ऐकू येते. आणखी एक खर्च आम्ही धरलाच नव्हता. आपले भिंतीवरचे स्पीकर प्रवचनापुरते आहेत. त्यांतून ढोलकीची धूम निघेना, म्हणून सध्या मोठा स्पीकर उसना आणला आहे. घरी सरावाला मात्र हेडफोन पुरतो. धाकट्याच्या शेजाऱ्यांनी आभार मानले आहेत.

ध्वनिमुद्रण रात्री दहानंतर चर्चमध्येच केलं. पंखे बंद, खिडक्या बंद. पाऊस थांबला होता. अण्णांनी ढोलकी दोन दिवस तापवून, आवळून ठेवली होती. एकेक बोल हळू, मध्यम आणि जोरात असा तीनदा वाजवायचा, कारण आमच्या यंत्रात एकाच पॅडवर हळू ठोक्याला एक आणि जोराच्या ठोक्याला दुसरा आवाज ठेवता येतो. चौथ्या बोलाला अण्णांचा हात दुखायला लागला. आम्ही म्हटलं, राहू दे, उद्या करू. ते म्हणाले, "उद्या सूज आली तर?" काकूंनी गरम पाण्याची पिशवी धरली आणि काम चालू राहिलं. मधेच बाहेर कुत्री भुंकली. तो बोल पुन्हा घ्यावा लागला. साडेअकराला आटोपलं.

एक गोष्ट नाही जमली. डाव्या पुडीवर तळहात घासत अण्णा जो घुमारा काढतात, तो एका ठोक्यात मावत नाही. तो प्रत्येक वेळी वेगळा येतो, कधी लांब, कधी तुटका. मुद्रित केला, पॅडवर टाकला, तर दर वेळी तस्साच, नकलेसारखा वाजू लागला. अण्णांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, "काढ ते." काढला.

यंत्रात आपोआप वाजणारा ठेकाही भरता येतो. गायकवृंदाने ठरवलं आहे की उपासनेत तो लावायचा नाही. धाकट्याला हे फारसं पटलेलं नाही, नाताळच्या गाण्यांना तरी असावा असं त्याचं म्हणणं आहे, आणि त्यावर पुन्हा बोलणं होईल.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पॅड प्रथम वाजला. पहिल्याच गीतात धाकटा कडव्याच्या शेवटी अर्धी मात्रा आधी आत शिरला. पेटीशेजारच्या खुर्चीवरून अण्णांनी नुसतं बोट वर केलं. पुढच्या कडव्याला पोरगं पॅडकडे न बघता पहिल्या बाकाकडे बघत होतं. प्रभुभोजनाच्या वेळी अण्णांनी ढोलकी मांडीवर घेतली आणि दोन गीतं स्वतः वाजवली. तिसरं पॅडवर झालं. काठी हातात घेऊन बघा असं त्यांना सुचवलं होतं. "ते तुमचं," म्हणाले.

तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की, बाजूला केलं होतं, हो. त्यासाठी अण्णांची क्षमा मागितली, आता मंडळीचीही मागतो.

पॅडला पावसाळ्याआधी जाड कव्हर हवं आहे. कुणी शिवून देणार असेल तर माप आमच्याकडे आहे. सराव गुरुवारी साडेसातला. अण्णा साडेसहालाच येऊन बसतात, तेव्हा चर्चची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया वेळेवर यावं.