जाड केबल म्हणजे चांगली केबल नव्हे
मंडळी, सोलरची बॅटरी बसवताय? केबल नीट बघा. परवा आमच्या पिनरच्या घरी आलेल्या माणसाने जाडजूड केबल काढली. म्हणे, "जाड आहे, चालेल." खोदून विचारलं तर गाडीची निघाली, ६० व्होल्टपर्यंतची. आमची बॅटरी ४०० व्होल्ट डीसी! जाडी अँपिअरसाठी, व्होल्ट अडवतं ते इन्सुलेशन. त्यात एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझू शकते. डीसीत ती जळतच राहते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच केबल मागा, व्होल्टेज छापलेली.

शिवाय त्याला बॅटरी जिन्याखाली लावायची होती. २०२४ च्या पीएएस ६३१०० मध्ये जिना, माळा, झोपायची खोली, तिन्हीला नकार आहे. पोरं वरच झोपतात हो! भिडेपोटी मी हो म्हणणारच होतो, खरं सांगतो. काम थांबवलंय. आता बॅटरी गॅरेजमध्ये.